कमी दिवसांचं बाळ आणि दिवस भरलेलं बाळ: श्वास दोघांचाही भरतो, कारण वेगळं

धुळे-नंदुरबारकडच्या नवजात कक्षाबाहेर नातेवाईक सांगतात, "बाळ पेटीत ठेवलंय, श्वास भरतोय." समजा आत दोन बाळं आहेत. एक धडगावहून आलेलं, एकतिसाव्या आठवड्यातलं. दुसरं दिवस भरलेलं, तीन किलोचं. दोघांची छाती आत ओढली जातेय, एक्स-रेत दोघांची फुप्फुसं घासलेल्या काचेसारखी धूसर.

पहिल्याचं निदान सरळ आहे. श्वास सोडताना वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध थर म्हणजे सर्फॅक्टंट. तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये ही उणीव दाखवून दिली. नळीतून सर्फॅक्टंटचा डोस देऊन काही दिवस सांभाळलं, की बाळाच्या पेशी स्वतः कामाला लागतात.

दुसरं बाळ फसवतं. डोस दिल्यावर सुधारतं, काही तासांत ऑक्सिजन पुन्हा घसरतो. आधी जंतुसंसर्ग, हृदयदोष पाहायचे. बहुतेकदा तेच निघतं. काहीच सापडलं नाही आणि आठवडा उलटूनही व्हेंटिलेटर सुटेना, तर जनुकांकडे वळावं. एसएफटीपीबी हे जनुक बिघडलं तर सर्फॅक्टंटमधलं बी प्रथिनच नसतं. फुप्फुस-प्रत्यारोपण न झाल्यास बाळ सहसा काही महिन्यांत जातं. एबीसीए३ या जनुकातला दोष जास्त आढळतो, आणि त्याचा काही नेम नाही: कुणी जन्मतःच गंभीर, कुणी शाळेच्या वयात धापा टाकणारं. एसएफटीपीसी जनुकाचा दोष बऱ्याचदा काही महिन्यांनी उगवतो. तोवर "सारखा न्यूमोनिया होतो" म्हणून औषधं चालू, वजन मात्र वाढत नाही. थायरॉइडही कमी आणि अंग सैल असेल, तर एनकेएक्स२-१ या जनुकाचा संशय घ्यावा.

रावेर-यावलकडे कुणीतरी म्हणणारच, आईने केळी खाल्ली म्हणून. केळीचा काही संबंध नाही. पहिल्या दोन दोषांत (एसएफटीपीबी, एबीसीए३) आई-बाप दोघंही ठणठणीत वाहक असतात, म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली, आणि दर खेपेला धोका २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते. एसएफटीपीसी आणि एनकेएक्स२-१ मध्ये एकच बिघडलेली प्रत पुरते, आणि ती अनेकदा बाळातच नव्याने झालेली असते.

म्हणून बाळ हातचं जाण्याआधी जनुक-तपासणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत त्याचं रक्त ठेवायला सांगा, आई-बापाचंही. पुढच्या खेपेला अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासता येतो, पण आधीच्या बाळातला नेमका दोष हाती असेल तरच.