नोकरीत टिकलेला माणूस मनाने तिथे असतो का?

एकाच कंपनीत पंधरा-वीस वर्षं काढलेला माणूस दिसला की आपण त्याला निष्ठावंत म्हणून मोकळे होतो. पण तो का थांबलाय हे कोणी विचारत नाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत, पेन्शनला थोडीच वर्षं राहिलीत, या वयात दुसरीकडे कोण घेणार, म्हणूनही माणूस थांबतो. आणि काम आवडतं, टीममधली माणसं आपली वाटतात म्हणूनही थांबतो. हजेरीपटावर दोघं सारखेच.

कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या बांधिलकीचे तीन भाग पाडले. एक मनाची ओढ, दुसरा सोडलं तर काय काय गमवावं लागेल याचा हिशोब, आणि तिसरा म्हणजे यांनी आपल्यासाठी एवढं केलं, आता सोडून जाणं बरं दिसत नाही ही भावना. एकाच माणसात हे तिन्ही कमी-जास्त असतात. पुढे 2002 मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे बरेचसे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर ज्यांना मनाची ओढ आहे ते काम चांगलं करतात, दांड्या कमी मारतात, आपल्या वाट्याचं नसलेलं कामही अंगावर घेतात असं दिसलं. नुसत्या हिशोबाने थांबलेल्यांचं तसं नाही, तो हिशोब जास्त असला म्हणून काम काही सुधारत नाही, झालंच तर थोडं खालीच जातं. मग बॉण्ड लिहून घेऊन किंवा नोटीस पिरियड लांबवून नक्की काय मिळतं? माणूस अडकतो, बस. एचआरला हे कळत नसेल असं नाही, पण राजीनाम्यांचा आकडा एक्सेलमध्ये भरता येतो, ओढ कुठल्या कॉलममध्ये भरणार!

पगाराने काही होत नाही असं मात्र समजू नका. 1913 मध्ये फोर्डच्या मोटार कारखान्यात वर्षाला कामगार सोडून जायचं प्रमाण 370 टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी तीन-चार वेळा नवा माणूस घ्यावा लागायचा, कारण असेंब्ली लाइनवर दिवसभर तेच ते काम करून लोक वैतागायचे. 1914 च्या सुरुवातीला हेन्री फोर्डने दिवसाचा पगार जवळपास दुप्पट करून 5 डॉलर केला, शिफ्ट आठ तासांची केली, आणि 1915 मध्ये तोच आकडा 16 टक्क्यांवर आला. अटी बऱ्याच होत्या, काम तेवढंच कंटाळवाणं राहिलं, पण लोक थांबले. थांबले, एवढंच म्हणतोय मी.

ओढ कशाने लागते? 2002 च्या त्या आढाव्यात सगळ्यात ठळक दिसलेली गोष्ट म्हणजे कंपनीला आपली किंमत आहे, आपलं बरं-वाईट तिला कळतं, असं माणसाला वाटणं. ऐकायला गुळगुळीत वाटतं, पण संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा 1990 चा अभ्यास वाचला की अंगावर येतं. अमेरिकेतल्या एका कंपनीची कॉन्ट्रॅक्ट्स गेली म्हणून दोन कारखान्यांत 10 आठवडे 15 टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात साहेबांनी लांबलचक मीटिंग घेतली, आकडे दाखवले, का करावं लागतंय ते सांगितलं, दिलगिरी व्यक्त केली, प्रश्न घेतले. दुसरीकडे थोडक्यात घोषणा करून विषय संपवला. कपात दोन्हीकडे सारखीच, तरी दुसऱ्या कारखान्यातून वस्तू चोरीला जायचं प्रमाण कितीतरी जास्त वाढलं आणि राजीनामेही तिथेच जास्त पडले. पहिल्या ठिकाणीही चोऱ्या वाढल्या, पण कमी. नीट समजावून सांगायला एक पैसा लागत नाही, तरी साहेब लोकांना तेच सगळ्यात जड जातं.

असाच एक प्रयोग विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने जॉइन झालेल्यांपैकी काहींना पहिल्या दिवशी कंपनीची थोरवी ऐकवली आणि कंपनीचं नाव असलेला स्वेटशर्ट दिला. काहींना विचारलं, तुम्ही तुमच्या सगळ्यात चांगल्या रूपात कधी असता, ते इथे कसं वापराल, आणि स्वेटशर्टवर त्यांचं स्वतःचं नाव. पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या गटातले लोक कमी सोडून गेले, आणि त्यांच्या ग्राहकांचं समाधानही जास्त भरलं.

आणि घरून कामाचा वाद तर सगळीकडेच पेटलेला आहे. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपनीने 1,612 कर्मचाऱ्यांवर सहा महिने चाचणी केली, आठवड्याचे दोन दिवस घरून काम कोणाला द्यायचं ते जन्मतारीख सम की विषम यावर ठरवलं. नोकरी सोडणं एक तृतीयांशाने घटलं, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही. सोडणं घटलं ते जास्त करून बायका, मॅनेजर नसलेले आणि लांबून येणारे यांच्यात. चाचणीआधी मॅनेजर मंडळींचा अंदाज होता की काम 2.6 टक्क्यांनी घटेल, चाचणीनंतर तेच म्हणायला लागले की 1 टक्क्याने वाढतं, आणि कंपनीने ती सवलत सगळ्यांना देऊन टाकली.