डीएनए चाचणी : ग्रामीण विदर्भातील गुन्हेतपास

घटनास्थळी मिळालेले रक्त, वीर्य, लाळ किंवा मुळासकट केस यांतील डीएनएची संशयिताच्या नमुन्याशी तुलना करून ओळख पटवण्याची ही पद्धत ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात शोधली. भारतात ती हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेत लालजी सिंग यांनी रुजवली. इंग्लंडमधील पहिल्याच गुन्हेतपासात तिने, गुन्हा कबूल केलेल्या मुलाला निर्दोष ठरवले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे कलम ५२ बलात्काराच्या आरोपीच्या आणि कलम १८४ पीडितेच्या वैद्यकीय तपासणीविषयी असून, दोन्हींत डीएनएसाठी नमुने घेण्याची तरतूद आहे. अहवाल न्यायालयात तज्ज्ञाचे मत म्हणून येतो.

विदर्भात खरी अडचण प्रयोगशाळेच्या अलीकडे असते. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याने घेतलेला स्वॅब आणि पंचनाम्यात जप्त केलेले कपडे सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात मोहोरबंद करायचे असतात. पावसाळ्यात ओला कपडा तसाच पन्नीत बांधून पोलीस ठाण्याच्या मालखान्यात ठेवला, तर बुरशी व जिवाणू त्यावरील डीएनए नासवतात. पाकिटावरची मोहोर आणि मुद्देमाल रजिस्टरमधील नोंद जुळली नाही, तर चाचणी अचूक असूनही पुरावा टिकत नाही. दिल्लीच्या छावला बलात्कार व खून प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुन्यांच्या हाताळणीवर शंका घेऊन फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्याचा आणि उशीर झाल्यास कारण नोंदवण्याचा निर्देश दिला. सिरोंचाहून नागपूरची प्रयोगशाळा तीनशे किलोमीटरहून लांब आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, हे पाहता गडचिरोलीत ‘कारण’ हा रकाना बराच भरेल असे दिसते.

दुसरी मर्यादा गावाच्या रचनेतून येते. लैंगिक गुन्ह्यांतील नमुन्यात स्त्रीचा डीएनए फार आणि पुरुषाचा अत्यल्प असल्यास केवळ वाय गुणसूत्र तपासले जाते. ते बापाकडून मुलाकडे सहसा न बदलता जात असल्याने भाऊ, काका, चुलतभाऊ अशा सर्वांचा नमुना सारखाच निघतो. निम्मी वस्ती एकाच भावकीची असलेल्या गावात असा जुळलेला नमुना घराण्याकडे बोट दाखवतो, माणसाकडे नाही. म्हणून अहवालातील ‘जुळला’ हा शब्द कोणत्या चाचणीचा आहे, हे उलटतपासणीत विचारणे आवश्यक ठरते.