बीटी कपाशी : जनुक धुऱ्यापलीकडे गेले कसे?

बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारे विष बनवणारे जनुक घातलेली कपाशी. तिचे जनुक शेजारच्या पिकात शिरले म्हटले की सगळे वाऱ्याकडे बोट दाखवतात. कपाशीत वाऱ्याचा दोष फार थोडा. तिचा परागकण जड आणि चिकट, मधमाशी नेईल तेवढाच जाणार. धुऱ्यापासून काही मीटरवर संकराचे प्रमाण झपाट्याने उतरते. देशी कपाशी तर आणखी दूर. तिची गुणसूत्रे 26, बीटी ज्या अमेरिकन कपाशीत आहे तिची 52. संकर सहजी जमत नाही. बीटी पसरली ती मुख्यतः बियाण्याच्या पाकिटांतून.

सुरुवातच तशी झाली. मार्च 2002 मध्ये पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली, पण त्याआधी 2001 मध्येच गुजरातेत हजारो एकरांवर विनापरवाना बीटी उभी होती. बोंडअळीने आजूबाजूचे पीक खाल्ले, हे तगले, म्हणून बिंग फुटले. पीक जाळायचे आदेश निघाले, शेतकरी आडवे आले.

खरा गुंता मात्र सरकारी वाणाचा. 2008 मध्ये सार्वजनिक संशोधनातून तयार झालेल्या बिकानेरी नरमा बीटीला मंजुरी मिळाली. सरळ वाण असल्याने शेतकऱ्याला घरची सरकी राखून पुन्हा पेरता येणार होती. दरवर्षी पाकीट घेणाऱ्याला हे केवढे आकर्षण, ते सांगायला नको. 2009 च्या खरिपात बियाणे आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस थांबवले गेले. त्यात एका खासगी कंपनीचा मॉन-531 हा इव्हेंट असल्याचे पुढे आले. 2012 मध्ये चौकशी समितीनेही तेच म्हटले.

वाण करणाऱ्यांचा बचाव होता भेसळीचा. तो तपासायचा तर इव्हेंट म्हणजे काय हे पाहावे लागते. दोन्हीकडे जनुक क्राय1एसीच. त्यामुळे पानाचा तुकडा चुरगळून तपासणीची पट्टी बुडवली की दोन्ही बीटी सारखेच दिसतात. फरक असतो तो इव्हेंटचा, म्हणजे जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे बसले यात, आणि तो कळतो त्या जागेच्या दोन्ही कडांचा डीएनए तपासल्यावरच. शेजारच्या प्लॉटमधून परागकण आला असता, तर थोडी झाडे परक्या इव्हेंटची आणि बाकीची आपल्या इव्हेंटची निघाली असती. म्हणून परागकणावर ठपका ठेवणे मला तरी पटत नाही. प्रश्न बियाण्याच्या साखळीचा होता, आणि कडांची तपासणी मंजुरीच्या आधीच व्हायला हवी होती.

परागकणाने खरे काम केले ते आश्रय पिकात, म्हणजे अळीला विषाची सवय होऊ नये म्हणून कडेला लावायच्या बिगर-बीटी कपाशीत. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे मिळायचे. कडेला पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यांतले जे जास्त असेल तेवढे लावायचे. बहुतेकांनी ते लावलेच नाही. लावले तिथेही मधमाश्यांमुळे काही सरकीत विष उतरायचेच. बीटी संकरित वाणाच्या बोंडात तर उलटे: एकाच बोंडात काही सरकी विषारी, काही बिनविषारी. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते, तेव्हा तिला प्रतिकार कमावायला इथे आयतीच सोय झाली.

पुढे तणनाशक सहन करणारी कपाशी आली, विदर्भात जिला चोरबीटी म्हणतात. 2019 मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी ती उघडपणे पेरली. पाकिटावर ना इव्हेंट, ना उत्पादकाचा पत्ता. जनुक बदललेल्या मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये सशर्त मंजुरी मिळाली आणि जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. तिथे मधमाशीचा मुद्दा कपाशीपेक्षा कितीतरी जड आहे, शिवाय मोहरीची भावंडे तण म्हणून शेतातच उगवतात.