समलिंगी रात्रजीवनाची ठिकाणे (सोलापूर)

समलिंगी पुरुष, आणि फार कमी प्रमाणात समलिंगी स्त्रिया, अंधार पडल्यावर एकमेकांना भेटण्यासाठी वापरत आलेल्या जागा. न्यूयॉर्क, लंडन किंवा बर्लिनच्या संदर्भात या विषयाची नोंद बारच्या नावांनी भरते. सोलापुरात समलिंगींसाठी म्हणून पाटी लावलेला बार नाही. इथले ठिकाण म्हणजे दुसऱ्या कारणासाठी उभी असलेली जागा, तिथली ठरलेली वेळ आणि कोणी विचारलेच तर द्यायचे उत्तर. या तिन्हींपैकी एक गोष्ट हातची गेली की ठिकाण संपते, आणि गेल्या तीन पिढ्यांत ते असेच पुन्हा पुन्हा संपले आहे. हिजडा घराणी आणि जोगते यांची परंपरा स्वतंत्र आहे, तिचा विचार इथे केलेला नाही. उघड्यावरच्या भेटींच्या जागांची नावेही मुद्दाम दिलेली नाहीत, कारण अशी यादी सर्वात आधी लुटारूंच्या कामी येते.

गिरणीच्या काळातली रात्र

१८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांनी सोलापूरचा दिवस भोंग्यावर बांधला. त्याचा रात्रीवर झालेला परिणाम क्वचितच लिहिला जातो. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्रीच्या सुमारास रस्त्यावर पुरुषांची गर्दी असे. चहाच्या गाड्या आणि भजीची दुकाने उघडी असत. अशा गावात रात्री बाराला एकटा चालणारा पुरुष कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. घरी पाळी बदलल्याचे सांगितले की पुढचा प्रश्न येत नसे. कामगार वस्तीत एका खोलीत सात-आठ माणसे झोपत, त्यामुळे खासगीपणा घराबाहेरच शोधावा लागे.

दुसरा आडोसा एकपडदा चित्रपटगृहांचा. नऊ ते बाराचा खेळ, चालून जुना झालेला चित्रपट, अर्धी रिकामी बाल्कनी. तिकीट काढलेल्या माणसाला तिथे तीन तास बसण्याचा हक्क असतो, हा त्या जागेचा खरा गुण. तिसरा आडोसा वर्षातून एकदाच मिळे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरली की होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा, रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि जिल्ह्याबरोबर कर्नाटकातूनही माणसे येतात. अनोळखी गर्दी ही मोठ्या शहराला रोज मिळणारी गोष्ट सोलापूरला त्या काही दिवसांपुरती मिळते.

जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९०च्या दशकात. यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने पूर्व भागात चालत राहिले, पण पाळी सुटल्यावर हजारो माणसे एका वेळी रस्त्यावर येण्याचे दृश्य संपले. रस्ते रात्री दहा-साडेदहाला ओस पडू लागले आणि तिथे थांबलेला माणूस उठून दिसू लागला. पुढे चित्रपटगृहांनाही टाळे लागू लागले. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूर आले. त्यानंतर आलेले एलईडी दिवे, कॅमेरे आणि बागांच्या ठरावीक वेळा यांनी उरलेसुरले कोपरेही उजळले. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी दिवे हवेतच. मात्र ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता अशा पन्नाशीपुढच्या पुरुषांचे ओळखीचे जग त्याच दिव्यांत विरून गेले, याची दखल कोणी घेतली नाही.

कायद्याचा वापर

भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ ब्रिटिशांनी १८६० मध्ये आणले. त्याखाली खटले कमी चालले, धाक मात्र मोठा होता. रस्त्यावर प्रत्यक्ष लावले जाई ते राज्याच्या पोलीस कायद्यातले सार्वजनिक जागी असभ्य वर्तनाचे कलम ११०, आणि त्याहून जास्त वेळा काहीच लावले जात नसे. ‘घरी कळवू का?’ एवढे म्हटले की पाकीट, घड्याळ, अंगठी काढून दिली जाई. पोलीस असल्याची बतावणी करणारेही हेच वाक्य वापरत.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा मुक्तता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच नाही. यात एक उणीव राहिली आहे. प्रौढ पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली तर तिच्यासाठी सरळ लागू पडणारे कलमही त्याबरोबर गेले.

मुंबईची शनिवार रात्र

१९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये समलिंगींसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. त्या सुमारास सोलापूरच्या माणसाला मुंबईत काही चालते हे कळू लागले. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवरचा ‘वूडू’ हा पब शनिवारी रात्री समलिंगी पुरुषांनी भरे. आठवड्याचे इतर दिवस तो साधा पब होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ या गटाच्या पार्ट्यांनी पुढची पायरी गाठली: एका रात्रीपुरता हॉल किंवा क्लब घ्यायचा, पत्ता ईमेलने किंवा फोनवर कळवायचा आणि दारावर ओळखीची माणसे उभी करायची.

सोलापूरकरासाठी याचे वेळापत्रक सिद्धेश्वर एक्सप्रेसने ठरवले. शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटणारी गाडी शनिवारी सकाळी मुंबईला पोचवते. घरी सांगायला चादर-टॉवेलची ऑर्डर, मुलाखत किंवा परीक्षा असे कारण लागे, आणि ते खरे वाटावे म्हणून व्यापाऱ्यांची मुले दिवसा खरोखरच मंगळदास मार्केट या कापडबाजाराला चक्कर मारून येत. बॅग स्थानकातल्या अमानती सामानघरात. तिला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला जुना माणूस कुलूप न्यायची आठवण करी. रात्रीचा शर्ट पिशवीत वेगळा. पब दीडच्या सुमारास बंद होई, तोवर शेवटच्या लोकल गेलेल्या असत आणि पहिली लोकल चारनंतर. मधले अडीच तास कुलाब्यापासून बोरीबंदरपर्यंत रमतगमत चालण्यात आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जात. ओळखी पक्क्या झाल्या त्या बहुतेक याच वेळात, कारण आत संगीतामुळे बोलता येत नसे. रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने परत, सोमवारी सकाळी कामावर.

आरक्षण हा यातला कच्चा दुवा. ही गाडी कायम भरलेली असते आणि पार्टीची तारीख उशिरा कळते. जनरल डब्यात उभे राहून आलेला माणूस रात्री नाचण्याच्या अवस्थेत नसतो. पुण्याला जाणे सोपे वाटते, पण २००१ पासून धावणारी हुतात्मा एक्सप्रेस सकाळी जाऊन रात्री परत येणारी गाडी आहे. वंदे भारतही दिवसाचीच. पुण्यातल्या रात्रीसाठी उशिराची स्लीपर बस हा सोयीचा मार्ग, अंतर सुमारे २५० किलोमीटर. खर्चाचा हिशेब केला तर प्रवेश आणि दोन पेये यांच्यापेक्षा प्रवास आणि राहणे जास्त पडते. म्हणून ही रात्र वर्षातून दोन-तीनदा जमे, आणि तीही कमावत्या, इंग्रजीची भीड न वाटणाऱ्या तरुणांना. पूर्व भागातला तेलुगू बोलणारा मागवाला किंवा रिक्षाचालक या वाटेने फारसा गेला नाही. पिढ्यांमधल्या दरीइतकीच ही वर्गाची दरी खोल आहे.

दिवसा उघडणारी जागा

मागवाले, रिक्षाचालक अशा वर्गासाठी खरी जागा एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी ‘टीआय’ (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे ठरावीक गटापुरते प्रतिबंधाचे काम) प्रकल्प चालतात. त्यात साधारण ६० माणसांमागे एक पीअर एज्युकेटर, म्हणजे त्याच गटातला माहिती देणारा कार्यकर्ता, नेमतात आणि एक ‘ड्रॉप-इन सेंटर’, म्हणजे येऊन बसण्याची जागा, ठेवतात. बोलण्यात त्याला डीआयसी किंवा नुसते ‘ऑफिस’ म्हणतात. भाड्याच्या दोन खोल्या, सतरंजी, आरसा, कॅरम, निरोधाचे खोके, तपासणीसाठी आठवड्याचा ठरलेला दिवस. कागदावर ही आरोग्यसेवा आहे. प्रत्यक्षात कोती म्हणवणाऱ्या, म्हणजे बायकी वळणाच्या, मुलांना साडी नेसून लावणीवर नाचता येईल अशी छताखालची ही पहिली जागा ठरली. आरसा मोठा असावा, दार रस्त्यावर थेट उघडू नये आणि खालच्या मजल्यावर घरमालक राहत नसावा, एवढ्या तीन गोष्टी ज्यांनी पाहिल्या त्यांची केंद्रे टिकतात.

बिघडते ते दोन ठिकाणी. अनुदान लांबले की भाडे थकते, घरमालक ‘कसली माणसे येतात’ असे विचारू लागतो आणि जागा बदलावी लागते. प्रत्येक बदलात निम्मी माणसे गळतात. दुसरे म्हणजे केंद्र संध्याकाळी बंद होते, आणि तिथे जमलेली मुले त्यानंतर पुन्हा उघड्यावर जातात. जुलै २००१ मध्ये लखनौत अशाच कामातल्या कार्यकर्त्यांना अटक झाली होती. त्याची धास्ती लहान शहरांतल्या संस्थांनी अनेक वर्षे बाळगली आणि पाटीवर ‘आरोग्य प्रकल्प’ एवढेच लिहिले.

मोबाइल आला तेव्हा

समलिंगी पुरुषांना एकमेकांशी गाठ घालून देणारे ग्राइंडर हे ॲप २००९ मध्ये आले, तशीच प्लॅनेटरोमियो ही वेबसाइट त्याआधीची. सोलापुरात मात्र खरा पालट सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर दिसला. जवळच्यापासून लांबच्यापर्यंत अशी प्रोफाइलची मांडणी मुंबईत एक-दोन किलोमीटरमध्येच भरून जाते. सोलापुरात तीच मांडणी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरपर्यंत ताणली जाते आणि तुळजापूरच पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. शहरातली जवळजवळ सगळी प्रोफाइल चेहऱ्याविना असतात, कारण पुढचा माणूस चुलतभाऊ निघण्याची शक्यता खरी असते.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘जागा आहे का?’ बहुतेकांकडे नसते. दोन पुरुषांनी लॉजवर खोली घेणे संशयास्पद मानले जात नाही, पण आधारवर सोलापूरचाच पत्ता असेल तर काउंटरवर ‘लोकल आयडी चालत नाही’ हे उत्तर मिळते. मग उरतो तो अनोळखी माणसाने सुचवलेला प्लॉट किंवा बांधकाम चालू असलेली इमारत, आणि लुटीचे प्रकार नेमके तिथे घडतात. पद्धत एकसारखी असते. एकजण बोलावतो, तिघे-चौघे येतात, व्हिडिओ काढतात, यूपीआयने पैसे वळवून घेतात. बळी पडलेला माणूस लाजेने चॅट पुसून टाकतो आणि पुरावा स्वतःच घालवतो. प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि पैसे गेलेल्या खात्याचे नाव ठेवले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. खंडणी न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये बसते, जबरी चोरी ३०९ मध्ये. २०१८ नंतर तक्रारदार या संबंधांमुळे स्वतः गुन्हेगार ठरत नाही, ही गोष्ट अजून पुष्कळांपर्यंत पोचलेली नाही.

बार का उघडला नाही

लंडनमध्ये २००६ साली समलिंगींची उघड चालणारी १२५ ठिकाणे होती आणि २०१७ पर्यंत ५३ उरली, असे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पाहणीत आढळले. भाडेवाढ, पुनर्विकास आणि ॲप यांच्या रेट्यात उघडलेली दारे बंद होण्याची ती हकिगत आहे. सोलापुरात दार उघडण्याआधीच ॲप आले.

हिशेब करून पाहता येतो. समजा मालकाने मंगळवारसारख्या मंद दिवशी जागा द्यायला पन्नास हजारांच्या विक्रीची हमी मागितली. माणशी पाचशे धरले तरी शंभर माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या असलेल्या शहरात शंभर समलिंगी पुरुष सहज आहेत. एकाच दारातून आत जाताना दिसायला तयार असलेले शंभर नाहीत. बाहेर लावलेल्या एमएच-१३ (सोलापूरचा नोंदणी क्रमांक) च्या दुचाकी कोणाच्या, हे पानाच्या टपरीवाल्याला माहीत असते. त्यात राज्याचा नियम असा की बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ पूर्ण हवे, म्हणजे ज्यांना जागेची सर्वाधिक गरज ते अठरा-वीसचे तरुण बाहेरच. गच्चीवर किंवा हायवेच्या ढाब्यावर मोकळ्यात कार्यक्रम करावा, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद.

साधी परमिट रूम मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडली आहे. पुण्या-मुंबईच्या पबमध्ये जोडीशिवाय आलेल्या पुरुषांना दारातच अडवतात. इथल्या परमिट रूममध्ये सगळे पुरुषच, त्यामुळे चौघांचे टेबल कोणाला खटकत नाही. अट एकच, की चालण्या-बोलण्यात ‘बायकी’ ठरणारा कोणी सोबत नसावा. तसा असला तर वेटर बिल लवकर आणून ठेवतो. ज्याला लपता येत नाही तोच बाहेर राहतो, हा या टेबलाचा मोठा अन्याय आहे, आणि तो आपल्यातलेच लोक करतात.

स्त्रिया

समलिंगी स्त्रियांना यातले काहीही मिळाले नाही. रात्री बाहेर राहण्याची मुभाच नाही, आणि परमिट रूमच्या ‘फॅमिली’ विभागात दोघीच बसल्या तर नजरा वळतात. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट घराघरांतल्या बैठकांतून वाढला. सोलापुरात वसतिगृहाची खोली आणि मैत्रिणीकडचा मुक्काम हीच त्यांची ठिकाणे. मैत्रिणीकडे राहण्याला घरातून हरकत कमी असते, पण लग्न ठरले की हा आडोसा एका दिवसात जातो.

आजचे लहान मेळावे

सध्या तग धरणारा प्रकार दहा-पंधरा जणांचा, एखाद्याच्या भाड्याच्या फ्लॅटवरचा. नवा माणूस आधी दिवसा, एखाद्या कॅफेत दोघांना भेटतो. पत्ता त्या दोघांकडूनच मिळतो, ग्रुपवर टाकला जात नाही. फोन दाराशी टोपलीत. सगळे एकदम येत नाहीत, अर्ध्या तासाच्या अंतराने दोघे-तिघे. गाड्या सोसायटीबाहेर वेगवेगळ्या ठिकाणी. खर्च आधी गोळा करतात, नंतर मागितला तर यजमान खचतो. दहाला आवाज कमी. बंद पडण्याचे नेहमीचे कारण पोलीस नसते, यजमानाची बदली किंवा लग्न असते. म्हणून जिथे तीन घरे आळीपाळीने वापरली जातात ते गट वर्षानुवर्षे चालतात, आणि तिथे साठी ओलांडलेल्या माणसांनाही बोलावले जाते.