पार्किन्सन्समध्ये डोकं शाबूतच राहतं?

‘हात थरथरतात, पण बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते’ हा समज थेट इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांच्यापासून चालत आलाय. १८१७ साली या आजाराचं वर्णन करताना बुद्धीला धक्का लागत नाही, असं त्यांनी लिहिलं. आधार होता अवघ्या सहा रुग्णांचा, त्यातले काही तर रस्त्यात दिसलेले!

प्रत्यक्षात बऱ्याच जणांची विचारशक्ती पुढे मंदावते. सुरुवात विसरण्यानेच होते असं नाही. औषधांच्या वेळा लावणं, बिलं भरणं अशी टप्प्याटप्प्याची कामं अडतात. शब्द आठवतो, पण कुणी सुचवल्यावर.

ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात, याची खूण दिसते. डोळे मिटून जागं असताना निरोगी मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक असतात. बुद्धीवर परिणाम झालेल्या रुग्णांत हा ठेका संथ होतो आणि ४ ते ८ आवर्तनांच्या थीटा लहरी वाढतात. यामागे डोपामिनइतकीच ॲसिटिलकोलीनची कमतरताही असते; ही दोन्ही मेंदूतली निरोप पोहोचवणारी रसायनं. म्हणूनच डोपामिन भरून काढणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने चाल सुधारली तरी विचार तितके सुधारत नाहीत. त्यासाठी ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं रिव्हास्टिग्मीन देतात. उलट, ॲसिटिलकोलीनचं काम अडवणाऱ्या, कंपावरच्या ट्रायहेक्सिफेनिडिल या औषधाने वयस्कर रुग्णांचा गोंधळ वाढू शकतो. हे घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही.

मात्र ईईजी म्हणजे कुंडली नव्हे. नुसती पेंग आली तरी लहरी मंदावतात. त्यामुळे एकट्या आलेखावरून स्मृतिभ्रंशाचं निदान होत नाही. स्मरण, लक्ष, नियोजन यांच्या चाचण्या कराव्याच लागतात.