तूप वारेतून पलीकडे जातं कसं?

नववा महिना लागला की भातावरची तुपाची धार वाढते. "तूप खा, बाळ सुळकन बाहेर येईल," हा सल्ला हल्ली व्हॉट्सॲपवरही फिरतो. तूप आतड्यात पचतं आणि त्यातला मेद रक्तात जातो. प्रसूतिमार्गाला वंगण घालायला तो कुठून येणार? तो बाळापर्यंत मात्र पोचतो, आणि ती वाट फार मजेदार आहे.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते, म्हणजे नाळेने बाळाशी जोडलेला, गर्भाशयाला चिकटलेला अवयव (प्लासेंटा). आईच्या रक्तात बुडालेल्या वारेच्या बोटांसारख्या अंकुरांवर एक अजब आवरण असतं. असंख्य पेशी एकजीव होऊन बनलेली, मध्ये भिंतीच नसलेली एक अवाढव्य पेशी. नाव सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट, पाठ करायची सक्ती नाही. दोन पेशींमधली फट इथे नाहीच, त्यामुळे मेदाला जायचं तर या पेशीच्या पोटातूनच.

आईच्या रक्तातला बराचसा मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतो: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं. शेवटच्या तिमाहीत त्याची पातळी एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. हा रेणू अखंड आत शिरत नाही. जिन्यात न मावणारं कपाट सुतार सुटं करतो, तशी वारेच्या पृष्ठभागावरची लायपेज विकरं मेदाम्लं सुटी करतात. काही आपोआप आत झिरपतात, काहींना वाहक प्रथिनं ओढून घेतात. आत येताच त्यांना कोएन्झाइम-ए नावाचा रेणू चिकटवला जातो, म्हणजे मागे निसटायची सोय संपली. पाण्याशी त्यांचं जमत नाही, म्हणून पेशीतला प्रवास बंधक प्रथिनांच्या सोबतीने होतो. काही मेदाम्लं वार स्वतः वापरते, काही पुन्हा जोडून साठवते. उरलेली पलीकडे उतरली की बाळाच्या रक्तातली अल्ब्युमिन आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही प्रथिनं त्यांना ताब्यात घेतात.

खरी गंमत निवडीची. मेंदू आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारं डीएचए हे ओमेगा-3 गटातलं मेदाम्ल, म्हणजे 22 कार्बन आणि 6 दुहेरी बंधांची साखळी, गर्भाला स्वतः पुरेसं बनवता येत नाही. तरी एकूण मेदाम्लांतला त्याचा वाटा आईच्या रक्तापेक्षा नाळेच्या रक्तात जास्त असतो. लिनोलिक आम्ल या साध्या मेदाम्लाचा उलट कमी. यात एमएफएसडी2ए या वाहकाचा हात असावा. लायसोफॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूला जोडलेलं डीएचए तो उचलतो. मेंदूत त्याचं हे काम 2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवलं. वारेतही तो सापडतो.

एवढ्यावरून 'हुशार बाळा'चे डबे विकले जातात. बेळगावात 957 गर्भवतींवर चाचणी झाली. रोज 400 मिलिग्रॅम डीएचए घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांच्या बाळांच्या विकासात वर्षाच्या वयाला फरक दिसला नाही. फायदा दिसतो तो दुसरीकडेच: वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात ओमेगा-3 घेणाऱ्यांमध्ये 37 आठवड्यांआधीच्या प्रसूतींचं प्रमाण 11.9 टक्के होतं, न घेणाऱ्यांमध्ये 13.4.