धीर देणं वेगळं, कल्पना देणं वेगळं

"भिऊ नका, काही होत नाही." बेळगावात ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात हे हमखास ऐकू येतं. पेशंट कन्नड बोलणारा असला तर "अंजब्याड्री". आणि एवढं बोललं की पेशंटला समजावून सांगितलं, असं धरून चालतात. समजावलेलं काही नसतं, दिलेला असतो फक्त धीर.

धीर सगळ्यांनाच देता येतो. खानापूरकडच्या मावशींचा हात धरला, मुलगा बाहेर कुठं बसणार ते सांगितलं, झालं. असा धीर हवाच. संमतीच्या फॉर्मवरची सही ही तिसरीच गोष्ट. ती घेणं डॉक्टरांचं काम, आणि सहीनं कुणाची भीती जात नाही.

गोची होते ती कल्पना देण्यात. मावशींची गर्भपिशवी काढायची आहे, कमरेखाली भूल. पाठीत इंजेक्शन, मग ऑपरेशन, मग वॉर्ड, असं सिस्टर घडाघडा सांगते. हा झाला तिच्या कामाचा क्रम. मावशींना हवं असतं ते अंगाला काय जाणवणार ते: "पाय आधी गरम लागतील, मग जड होतील. हलवायला गेलासा तरी हलायचे नाहीत, काही तासांनी आपोआप हलतील. आत गारठा असतोय, अंग थरथरेल. ओढल्यासारखं कळेल, पण ते दुखणं नव्हे. तरी दुखलंच, तर लगेच सांगायचं." हे न सांगता "काही होत नाही" म्हटलं, की पाय बधिर होताक्षणी मावशींना वाटतं, काहीतरी बिघडलं. सिस्टरवरचा विश्वासही तिथंच संपतो.

१९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं भूलतज्ज्ञांनी पोटाच्या ऑपरेशनच्या काही पेशंटांना आधीच सांगून ठेवलं, नंतर कुठं दुखेल आणि दुखलं तर काय करायचं. त्यांना वेदनाशामकं इतरांच्या जवळपास निम्मीच लागली. दुखणार नाही, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!

काहींना मात्र काही ऐकायचंच नसतं. त्यांच्यावर माहिती लादू नये, आधी विचारावं. नेदरलँड्समध्ये १९९६ साली यासाठी सहा प्रश्नांची यादी आली: चार भीतीचे, दोन माहिती किती हवी याचे.

माझा खरा राग आहे तो पेशंटच्या डोक्यावरून मुलाशी बोलण्यावर. भूल मावशींना द्यायची आहे, मुलाला नव्हे. आणि मराठी पेशंटला कन्नडमध्ये घाईघाईत सांगून निघून जाणं, किंवा उलट, याला मी सांगणं म्हणतच नाही. दुभाष्याला बोलवा, आणि स्ट्रेचर हलायच्या आधी बोलवा.